वाचकांचे प्रश्न : कोरा बेसूर नाही

मागच्या अंकात मी इलेक्ट्रॉनिक सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल गायकीचं यंत्रांवर बांधलेलं रूप) आणि पश्चिम आफ्रिकेतलं पारंपरिक संगीत एकत्र बांधणाऱ्या गायक-निर्मात्यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. तिसरं पत्र कोरा या पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्याबद्दल आहे. त्याचं उत्तर बरंच लांबलं, कारण त्या पत्रातल्या अडचणीतून मी स्वतः गेले आहे आणि तिथे मी काय चूक केली ते सविस्तर सांगायला हवं.

प्रश्न : तुम्ही ‘सुदान अर्काइव्ह्ज’ असा उल्लेख केला होता. मला आधी तो एखादा ध्वनिसंग्रह वाटला, मग कळलं की ती गायिका आहे. पण सुदान आफ्रिकेच्या ईशान्येला. तिचं नाव पश्चिम आफ्रिकेच्या संगीताबरोबर का घेता? – व्हायोलिन शिकलेला एक वाचक

उत्तर : ती एकटी बाई आहे. गाणं, व्हायोलिन, यंत्रावरचे ठेके, ध्वनिमुद्रणाची मांडणी, सगळं बरंचसं स्वतः करते. खरं नाव ब्रिटनी डेनिस पार्क्स, जन्म १९९४चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. ‘सुदान’ हे आईने दिलेलं टोपणनाव. व्हायोलिन ती मुख्यतः कानाने शिकली, चर्चमध्ये वाजवता वाजवता. पुढे सुदानमधले व्हायोलिनवादक तिच्या कानावर पडले आणि त्या वाटेने ती पश्चिम आफ्रिकेतल्या गजाने वाजवायच्या वाद्यांपर्यंत गेली. कॅमेरूनच्या फ्रान्सिस बेबे यांचंही नाव ती आदराने घेते. बेबे (१९२९–२००१) पॅरिसमध्ये युनेस्कोत नोकरीला होते. सत्तरच्या दशकात त्यांनी ड्रम मशीन आणि सिंथसायझरच्या जोडीला एकच सूर देणारी रानातली बासरी घेतली. बासरीचा एक सूर झाला की पुढचा गळ्यातून काढायचा, पुन्हा बासरी, पुन्हा गळा. हे ऐकून बघा, म्हणजे सुदान अर्काइव्ह्जच्या गाण्यात व्हायोलिनचा तुकडा आणि गाण्याची ओळ एकमेकींच्या तोंडातून का निघाल्यासारख्या वाटतात ते कळेल.

तुम्ही व्हायोलिन शिकला आहात, म्हणून जरा थांबून सांगते. नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोकांकडे ‘गोजे’ नावाचं वाद्य आहे. घानाच्या उत्तरेला दागोम्बा राजांच्या दरबारात त्याच कुळातलं वाद्य वाजवणारी घराणी आहेत. अर्धा भोपळा, त्यावर घोरपडीचं कातडं (गोव्याच्या घुमट या वाद्यावर ताणायचे तेच), दांडी, आणि घोड्याच्या केसांची एकच तार. गजही केसांचाच. एका तारेवर सुरांची भरगच्च विविधता निघणार नाही, मग वादक सगळा जीव घर्षणात ओततो. सूर लागण्याआधीचा खरखरीत श्वास, गज उलटताना बसणारा झटका, सूर सोडताना त्याला दिलेली मुरड. आपल्याला शिकवलेलं असतं की गजाचा आवाज ऐकू येता कामा नये. गोजेत तोच तर ऐकायचा.

सुदान अर्काइव्ह्जची २०१७ची पहिली ध्वनिमुद्रिका लावा. व्हायोलिन ती बोटांनी छेडते, त्या तुकड्याचं आवर्तन यंत्रात बांधते, त्यावर दुसरा तुकडा, मग तिसरा. ठेका असा व्हायोलिनमधूनच उभा राहतो आणि ड्रम मशीन नंतर येऊन बसतं. २०१९चा ‘अथीना’ आणि २०२२चा ‘नॅचरल ब्राउन प्रॉम क्वीन’ या अल्बमांत ध्वनी जास्त भरलेला आहे. मला स्वतःला पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली मोकळी जागा अजूनही जास्त आवडते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मालीच्या कोरावादकांची जुनी ध्वनिमुद्रणं मी फार प्रेमाने ऐकतो. संगणकावर ठोकलेले ठेके त्यांच्याखाली घालणं मला भेसळ वाटते. तुम्ही तिचं कौतुक कसं करता?

उत्तर : सर, तुमची कळकळ मी समजू शकते. मीही टुमानी दियाबातेंच्या १९८८च्या ‘काइरा’ या एकट्या कोऱ्याच्या ध्वनिमुद्रणातूनच या संगीताकडे आले. जुलै २०२४मध्ये ते गेले, त्या रात्री मी दुसरं काही ऐकलं नाही.

पण त्या कोऱ्याकडेच नीट पाहू. एकवीस तारा, मोठा अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं. तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या बारीक दोऱ्यांच्या असत. आज त्या मासेमारीच्या नायलॉनच्या असतात. सूर लावायला दांडीवर चामड्याची कडी सरकवत, आता बरेच वादक गिटारच्या लोखंडी खुंट्या बसवतात. नायलॉन लावला तेव्हा कोऱ्याचं ‘मूळ’पण गेलं असं कोणी म्हणत नाही.

दुसरं वाद्य घ्या. मालीच्या दक्षिणेला वासुलू भागात शिकाऱ्यांचं ‘दोंसो न्गोनी’ आहे, सहा तारांचं, खर्जातलं. ते फक्त शिकाऱ्यांच्या विधींचं वाद्य. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या तरुणांनी त्याची लहान, चढ्या सुरातली आवृत्ती केली आणि नाचायला वापरली. वडीलधारे रागावले. वाद्याचं नाव पडलं ‘कामेले न्गोनी’, म्हणजे तरुणांचं न्गोनी. मालीची गायिका उमू संगारे याच वाद्याच्या साथीने मोठी झाली आणि आज आपण त्याला ‘पारंपरिक’ म्हणतो. एकेकाळचा पोरांचा आगाऊपणा आज परंपरा झाला आहे, आणि व्हायला साठ-सत्तर वर्षं पुरली.

याच कामेले न्गोनीला पुढे इसा बागायोगोने ड्रम मशीनवर आणलं. हा वासुलूकडच्याच खेड्यातला, गावाकडून मालीच्या राजधानीला, बामाकोला, आलेला, तिथे बसवर काम केलेला माणूस. सुरुवातीच्या त्याच्या कॅसेटी चालल्या नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बामाकोतच इव्ह व्हेर्नेर या फ्रेंच संगीतकाराबरोबर त्याने ‘स्या’ केला आणि लोकांनी त्याला ‘टेक्नो इसा’ म्हणायला सुरुवात केली. त्याचा आवाज ऐका. यंत्राचा ठेका किती का चालेना, तो घाई करत नाही. न्गोनीचं आवर्तन वर्तुळासारखं फिरत राहतं आणि ठेका त्या वर्तुळात शिरून आपली जागा शोधतो. २०१६मध्ये इसा वारला. त्याला मिळायला हवा होता तेवढा श्रोता मिळाला नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि हे सगळं युरोपातून कोणी आणून त्यांच्या गळ्यात घातलं, असंही समजू नका. नायजेरियातल्या एनुगूमध्ये विल्यम ओन्येबोर यांनी १९७७ ते १९८५ या काळात आठ अल्बम काढले. सिंथ त्यांचे, स्टुडिओ त्यांचा, तबकड्या छापायचा कारखानाही त्यांचाच. बामाकोत तर वस्त्यांमधून ‘बालानी शो’ चालतात. लग्नकार्याला बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारा ताफा आणायचा तर खर्च मोठा. मग पोरांनी बालाफोनच्या कॅसेटी मोठ्या कर्ण्यांवर लावायला सुरुवात केली. मग त्यांचा वेग वाढवला, खाली यंत्राचे ठेके घातले. रस्त्यावर नाच सुरू. गरजेतून निघालेली ही गोष्ट आहे.

मोरी कांते तर गिनीतल्या परंपरेने गाणाऱ्या ‘जेली’ घराण्यातला. बामाकोच्या रेल्वे स्थानकावरच्या हॉटेलात रेल बँड वाजवायचा, त्यात तो होता. १९८७मध्ये त्याने कोरा आणि सिंथ एकत्र करून जे गाणं केलं, त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. 

भेसळ होते हे मात्र मी नाकारत नाही. स्टुडिओत कोरावादकाला बोलवायचं, दोन आवर्तनं वाजवून घ्यायची, ती कापून गाण्याच्या सुरुवातीला तोरणासारखी लटकवायची आणि पुढे त्याच्याकडे पाहायचंही नाही, असं काम मी पुष्कळ ऐकलं आहे. तिथे सगळ्या अटी यंत्राच्या असतात. याच्या अगदी उलट काम तुम्हाला ऐकायचं असेल तर रोकिया कोने या बामाकोच्या गायिकेचा आणि जॅकनाइफ ली या आयरिश निर्मात्याचा २०२२चा ‘बामानान’ ऐका. आवाज आधी, सिंथ नंतर, आणि सिंथने आवाजाच्या वाटेत कुठेही पाय आडवा घातलेला नाही. ऐकून पुन्हा लिहा. तुमचं मत बदललं नाही तरी लिहा.

प्रश्न : मी गाते आणि घरीच संगणकावर माझी गाणी बनवते, सोल ढंगाची. एका कोरावादकाने माझ्या गाण्यासाठी वाजवून पाठवलं. फार सुंदर वाजवलं आहे. पण माझ्या इलेक्ट्रिक पियानोवर ठेवलं की कोरा बेसूर लागतो. सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला तर निर्जीव होतो. ठेक्यावर नेमका बसवला तर आणखीच. शिवाय तारांबरोबर सतत एक झणझण येते, ती काही केल्या निघत नाही. काय करू?

उत्तर : काहीच काढू नका. आधी ते मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा उघडा आणि सॉफ्टवेअर बंद करा.

आता माझं ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी गिनीच्या एका बालाफोनवादकाला ध्वनिमुद्रित करायची संधी मला मिळाली. दिवसभर वाजवून तो गेला. रात्री बसून मी त्याचा एकेक सूर पियानोच्या पट्ट्यांवर आणून बसवला. मला वाटलं, मी त्याच्या वाद्याची सेवा करते आहे. दुसऱ्या दिवशी तो आला, ऐकलं, मग आपल्या वाद्यावरून हात फिरवत त्याने तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “तुम्ही वाजवताय ती पट्टी माझ्या बालाफोनवर नाही.” रागावला नव्हता. खरंच शोधत होता. त्या वाक्याने मला जे शिकवलं ते त्याआधीच्या दहा वर्षांच्या कामाने शिकवलं नव्हतं.

बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, प्रत्येक पट्टीखाली एक भोपळा. करणारा कारागीर पट्टी कानाने लावतो. मधे तासली की सूर उतरतो, टोकांना तासली की चढतो. तो चुकून वाकडा सूर ठेवत नाही. माली, गिनी आणि आसपासच्या मांदे लोकांच्या बालाफोनवर सप्तकाचे जवळजवळ सात सारखे भाग केलेले असतात. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर सप्तक १२०० सेंटचं. त्याचे सात भाग केले की एकेक भाग साधारण १७१ सेंटचा येतो. म्हणजे त्याचा ऋषभ आपल्या शुद्ध ऋषभापेक्षा उतरलेला, गंधार ३४३च्या आसपास, कोमल (३००) आणि शुद्ध (४००) यांच्या साधारण मधला. धैवतही तसाच मधला. पंचम मात्र ६८६, आपल्या पंचमाच्या पुष्कळ जवळ. मी त्या रात्री त्याचा गंधार ओढून ४००वर नेला होता. त्याच्या वाद्यावर नसलेली पट्टी ती हीच.

कोऱ्यात याहून सूक्ष्म भेद आहेत. वादकाला आधी विचारा, कोरा कुठल्या लावणीत आहे. ‘हार्दिनो’ ऐकायला आपल्या बिलावलाच्या जवळ. ‘सौता’मध्ये मध्यम चढा, म्हणून आपल्या कानाला यमन आठवतो. ‘सिलाबा’त गंधार आणि निषाद शुद्धापेक्षा किंचित उतरलेले. यातही घराण्यागणिक आणि माणसागणिक फरक पडतो, तेव्हा पुस्तकातलं कोष्टक घेऊन बसू नका. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमचा वादक सिलाबात आहे आणि तुमचा पियानो शुद्ध गंधार ठासून वाजवतो आहे. दोन गंधार एकाच वेळी वाजले की भांडण होणारच, आणि आपले कान पियानोला सरावलेले म्हणून दोष कोऱ्यावर येतो.

करायचं ते एवढंच. कोऱ्याची प्रत्येक तार सुटी ऐकून तिचा सूर मोजा. वादकाकडून एकवीस तारा एकामागून एक छेडून मागवल्या तर उत्तम. मग तुमच्या सिंथमध्ये सूर सेंटने हलवायची सोय आहे का पाहा. बऱ्याच सॉफ्टवेअर सिंथमध्ये ती असते, फक्त कोणी तिथे जात नाही. सिंथला कोऱ्याचे सूर द्या. इलेक्ट्रिक पियानोचं ते होत नसेल तर त्याच्या स्वरगुच्छांमधून गंधार आणि निषाद काढून टाका. षड्ज-पंचम ठेवा, हवं तर वर ऋषभ. गंधार कोऱ्याला एकट्याला बोलू दे. खर्ज षड्जावर आणि पंचमावर राहिला तर खालून कुठेही ओढाताण होणार नाही. आणि गाताना कानातल्या हेडफोनमध्ये पियानो बंद ठेवून फक्त कोरा ऐका. तुमचा गळा दोन-तीन वेळातच त्या उतरत्या गंधारावर जाईल. गळ्याला पट्ट्या नसतात. सोलमधली गायकी तरी आणखी काय करते? कोमल आणि शुद्धाच्या मधल्या त्याच जागेत ती गंधार झुलवत ठेवते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी अमेरिकेत जे गाणं घडवलं, त्यात ही जागा शिल्लक राहिली आहे. तुमचा आवाज आणि कोरा या एका सुरावर आधीच नातेवाईक आहेत, मधे पियानो उभा आहे.

झणझणीबद्दल. कोऱ्याची घोडी उंच असते, कातड्यावर उभी. तिच्या डोक्यावर कधी कधी पत्र्याचं पान लावतात, कडेने बारीक कड्या ओवलेलं. त्याला ‘न्येन्येमो’ म्हणतात. तार छेडली की ते पान थरथरतं, म्हणजे ही झणझण मुद्दाम लावलेली आहे. बालाफोनच्या भोपळ्यांनाही भोकं पाडून त्यावर पूर्वी कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचं पातळ आवरण चिकटवत, आता सिगारेटचा कागद किंवा प्लॅस्टिक लावतात. तानपुऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. जवारीचा सूत ‘आवाजातली घाण’ म्हणून काढून टाकणारा ध्वनिमुद्रक आपण दारात तरी उभा करू का? तुम्हाला ती झणझण फार पुढे वाटत असेल तर पुढच्या वेळी माइक घोडीपासून थोडा लांब, भोपळ्याच्या भोकाकडे वळवून ठेवायला सांगा. काढून मात्र टाकू नका. उलट तुमच्या सिंथच्या खर्जात थोडी खरखर मिसळून बघा. दोघांचा पोत जुळतो. मी हे नेहमी करते.

राहिला ठेका. तुमचा संगणक एका मात्रेचे चार सारखे तुकडे करतो आणि प्रत्येक सूर जवळच्या तुकड्यावर नेऊन चिकटवतो. मालीतल्या जेंबे या हाताने वाजवायच्या ढोलाच्या वादनात मात्रेचे तुकडे सारखे नसतातच. राइनर पोलाक या संशोधकाने हे मोजून दाखवलं आहे : आखूड आणि लांब तुकड्यांचे ठरलेले साचे असतात आणि वेग वाढला तरी वादक ते टिकवून ठेवतात. हे ‘थोडं सैल वाजवणं’ नव्हे, वादक ते शिकलेला असतो. सारखं केलं की त्या ठेक्याची ओळखच पुसली जाते. कोऱ्यातही ‘कुंबेंगो’ म्हणजे फिरत राहणारं आवर्तन आणि ‘बिरिमिंतिंगो’ म्हणजे मधेच खाली कोसळणारी तानेसारखी धाव. ही धाव मात्रेत कोंबली की तिचा धबधबा जातो आणि नळ सुरू होतो.

म्हणून उलटं करा. कोऱ्याच्या कुंबेंगोतले आघात सॉफ्टवेअरला मोजू द्या आणि तो साचा ड्रम मशीनला लावा. ही सोय आज जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मग तुमचा बास ड्रम कोऱ्याच्या मागून चालेल. सुरुवातीला तुम्हाला अडखळल्यासारखं वाटेल. दोन दिवस तसंच ठेवा, तिसऱ्या दिवशी ऐका.

जाता जाता एक गंमतीची गोष्ट. घाना आणि टोगोतल्या एवे लोकांच्या ढोलवादनात लोखंडी घंटेवर बारा मात्रांचं एक आवर्तन वाजतं. आघातांमधली अंतरं दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. आता पेटीवर बिलावल वाजवा आणि सुरांमधल्या पट्ट्या मोजा. तेच आकडे. याचा काही गूढ अर्थ काढू नका, पण घंटेचं आवर्तन पाठ करायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही. ते पाठ झालं की त्याची सम शोधत बसा. प्रत्येक ढोल तुम्हाला वेगळी जागा दाखवील.

प्रश्न : मालीचं किंवा घानाचं जुनं लोकगीत शे-दोनशे वर्षांचं असेल तर त्याचा तुकडा माझ्या गाण्यात घ्यायला परवानगी कशाला हवी? ते तर कोणाचंच नाही.

उत्तर : लोकगीत कोणाचंच नाही, असं तिथला कायदा म्हणत नाही. घानाच्या २००५च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तिथल्या लोकपरंपरेचे हक्क राष्ट्राध्यक्षांकडे, जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून, सोपवलेले आहेत आणि त्यासाठी लोकपरंपरा मंडळ आहे. रूढ चौकटीबाहेर वापर करायचा तर घानाच्या नागरिकालाही परवानगी लागते. यावर तिथलेच कलावंत नाराज आहेत, आपल्याच आजीच्या गाण्यासाठी सरकारकडे का जायचं म्हणून, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण बाहेरून येणाऱ्याला ‘फुकट आहे, उचला’ म्हणायला त्यात जागा नाही. शिवाय गाणं जुनं असलं तरी ध्वनिमुद्रण जुनं नसतं. ते कोणीतरी वाजवलं, कोणीतरी छापलं. त्या मुद्रणाचा हक्क वेगळा.

कायदा बाजूला ठेवू. मांदे समाजात जेली हा वंशपरंपरेने गाणारा, वंशावळी आणि इतिहास तोंडपाठ असणारा माणूस. दियाबाते, कुयाते, सिसोको ही त्यांची आडनावं. तिथे गाणं कोणाच्या तरी पूर्वजाचं असतं आणि ते गाणाऱ्याला त्याच जागी दिलं जातं. समारंभात गायिका तुमच्या कुळाची थोरवी गाते आणि तुम्ही उठून तिच्या हातात नोटा ठेवता. बामाकोत असाल तर सीएफए फ्रँकच्या. देणं हा त्या गाण्याचा भाग आहे. कोऱ्याच्या भोपळ्याला जे मोठं भोक असतं, त्यातून आवाज बाहेर येतो आणि पूर्वी रसिकांनी दिलेले पैसे त्यातच आत जात. एकाच भोकाने दोन्ही कामं केली आहेत.

जुनं पुढे न्यायची त्यांची स्वतःची रीतही बघा. १९७०मध्ये सिदिकी दियाबाते आणि जेलिमादी सिसोको यांनी साथीदारांबरोबर कोऱ्यांचं एक ध्वनिमुद्रण केलं, ‘प्राचीन तारा’ अशा अर्थाच्या नावाचं. १९९९मध्ये त्यांच्या मुलांचं, टुमानी आणि बालाके यांचं, ध्वनिमुद्रण आलं आणि त्याचं नाव ‘नव्या प्राचीन तारा’. बापाचं नाव घेऊन नवं वाजवलं. तुम्ही तुकडा घेणार असाल तर वादक शोधा, पैसे द्या, आणि गाण्याखाली नाव लिहा. ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द लिहून मोकळे होऊ नका. त्याहून बरं म्हणजे तुकडा घेऊच नका, वादकाला बोलवा. त्याला तुमचं गाणं ऐकवलं की तो असं काही वाजवील जे जुन्या तबकडीत सापडणार नाही.

प्रश्न : मला हे संगीत आवडतं, पण शब्द कळत नाहीत. अशाने अर्धवटच ऐकलं जातं का? आणि सुरुवात कुठून करू? – अकरावीतली विद्यार्थिनी

उत्तर : शब्द थोडे थोडे कळत जातात. अमादू आणि मरियम या मालीच्या अंध दांपत्याचं २००८चं ‘साबाली’ ऐक. डेमन अल्बार्न या ब्रिटिश संगीतकाराच्या सिंथच्या पाळण्यावर मरियमचा आवाज इतका शांत बसला आहे की इलेक्ट्रॉनिक संगीत थंड असतं असं म्हणणाऱ्याला मी आधी तेच ऐकवते. बंबारा भाषेत साबाली म्हणजे धीर धरणं. मूळ अरबी ‘सब्र’. आपण ‘श्रद्धा आणि सबुरी’ म्हणतो तीच ही सबुरी, वाळवंट ओलांडून दुसऱ्या बाजूला गेलेली. म्हणजे एक शब्द तुला आधीपासून येतच होता. अमादू एप्रिल २०२५मध्ये गेले, तेव्हापासून ते गाणं मला वेगळंच ऐकू येतं.

नायजेरियातल्या योरुबा भाषेतलं गाणं असेल तर एक लक्षात ठेव. त्या भाषेत शब्दाचा अर्थ सुराच्या उंचीवर ठरतो : वरचा, मधला, खालचा. म्हणून चाल बांधणाऱ्याला शब्दांच्या सुराचं ऐकावं लागतं. काखेत दाबून वाजवायचा त्यांचा ‘दुंदुन’ ढोल दोऱ्या ताणून हेच तीन सूर काढतो आणि अक्षरशः वाक्यं बोलतो. तिथे निर्मात्याने गायिकेचा सूर यंत्राने इकडचा तिकडे केला तर शब्दच बदलू शकतो. वरच्या ताईंना सॉफ्टवेअर बंद करायला सांगितलं त्यामागे हेही एक कारण आहे.

सुरुवात एकट्या कोऱ्याने कर, ‘काइरा’ने. मग इसा बागायोगो. मग उमू संगारेचा २०१७चा ‘मोगोया’, त्यात टोनी अॅलनचे ड्रम्सही एका गाण्यात आहेत. सुदान अर्काइव्ह्ज त्यानंतर. पहिल्या वेळी शब्दांकडे जाऊ नकोस, वरच्या झरझर पडणाऱ्या सुरांकडेही नको. कोरावादकाचे दोन अंगठे खाली काय धरून आहेत तेवढं ऐक. वर काहीही होवो, ते आवर्तन सुटत नाही. ते कानाला एकदा सापडलं की यंत्राचा ठेका आल्यावर तो त्या अंगठ्यांचं ऐकतो आहे की नाही, हे तुझं तुलाच कळेल.